सरांच्या सूत्रातली चूक

लोटे गावच्या रासायनिक कारखान्यांचा वास खेडपर्यंत पदराला होता. खेडला एसटी बदलून मंडणगडची गाडी धरली. मांडीवर कागदांचं पाकीट. माझ्या सरांच्या सूत्रात मला सापडलेली चूक त्यात होती.

सर सैद्धांतिक अणुभौतिकीचे. आयुष्यभर कागद-पेन्सिल घेऊन अणूच्या गाभ्याची गणितं मांडली. नाव झालं ते या एका सूत्रानं. माझी पीएच.डी.सुद्धा त्यावरच उभी. खरं सांगते, ‘राहू दे, आता कोण बघतंय’ असं सर म्हणतील, या आशेनंच मी निघाले होते.

शेजारच्या मावशींनी चौकशी केली. “कुनाकडं जाताव?”

मी सरांचं नाव सांगितलं.

“ते व्हय! बाँब बनवलानी ना त्यांनी?”

“छे हो, त्यांनी साधा फ्यूजही कधी बदलला नाही. गणितं केली.”

“गनितां? मंग ती घरी बसून नसती झाली?”

सरांच्या गावी, बौद्धवाडीत पोचले तेव्हा सर ओटीवरच होते. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, यमूताईंनी, भात आणि कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं) वाढली. सरांनी मात्र आधी पाकीट फोडलं. पिठी गार झाली.

कणांच्या जोड्या मोजताना प्रत्येक जोडी दोनदा धरली गेली होती. दोघांनी हात मिळवले, तर ते एकदाच मोजायचं. आमच्या धंद्यात भलेभले ते दोनदा मोजतात.

सरांनी चष्मा काढला. “बरोबर आहे गं तुझं.”

यमूताई माझ्यावर उखडल्या. “बाय, ह्या वयात त्याला ह्या दाखवायला आलीस? त्याचा नाव जाईल ना!”

“ताई, पायाचा चिरा कच्चा आहे,” सर म्हणाले, “आणि पोरं त्यावर माळे चढवतायत.”

तिथंच त्यांनी सूत्र छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना चूक कबूल करणारं पत्र लिहिलं. डोळे पाणावले होते, अक्षर ठाम होतं. सही करून त्यांनी विचारलं, “तुझा प्रबंध?”

“तोही चुकला, सर.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. त्याच पत्राखाली माझ्या प्रबंधातलीही चूक लिहून मी सही केली.

मंडणगडच्या पोस्टात मी ते पत्र टाकलं आणि परतीची गाडी पकडली. पंचवीस वर्षं मी ‘सरांची विद्यार्थिनी’ म्हणून मिरवत होते. खरी झाले ती त्या दुपारी.