दादूसच्या पोटातली गाठ

आमच्याकडे हल्ली माणसं रडायला येतात आणि हसून जातात. माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. माझगावच्या आमच्या कोळीवाड्यात जो येतो, तो त्याचा एखादा किस्सा ओट्यावर टाकून जातो. नुसता ढीग झालाय! माझ्याजवळचे मात्र बहुतेक इस्पितळातले. मी शाळेत फार गेलो नाही, त्यामुळे आठवतील तसे सांगतो.

*

दादूसला शौचातून रक्त जायला लागलं, तेव्हा अख्ख्या कोळीवाड्यानं निदान केलं, "मूळव्याध!" मग काय, ज्याच्या त्याच्या घरून सुरण. सुरणाची भाजी, सुरणाचं भरीत, ताकातला सुरण. माझी वयनी, म्हणजे दादूसची बायको, घरात ताजी मासळी असताना सुरण शिजवायची! वर्ष गेलं. रक्त थांबेना, पोट फुगायला लागलं. एक दिवस दादूसनं ताट सरकवलं.

"गणू, मला इस्पितळात ने. तिथे कापतील, पण सुरण तरी वाढणार नाहीत!"

*

घोड्याच्या ट्राममधून गेलो. डॉक्टर मराठीच होते, जाड चष्म्याचे. आत बोट घालून तपासावं लागेल म्हणाले, तसा दादूस टेबलावरून खाली उतरला.

"साहेब, मासा ताजा की शिळा हे कल्ले उचलून बघतात. शेपटीकडून कुणी बघतं का?"

डॉक्टर हसून हसून चष्मा पुसत बसले. मग तपासलं, आणि त्यांचं हसू गेलं. बोटाला गाठ लागली होती.

नुसतं एक बोट! आणि आम्ही वर्षभर सुरण सोलत होतो.

*

शेजारच्या खाटेवर भाऊसाहेब होते. गिरगावातले कारकून, जुने घरंदाज मुंबईकर. त्यांच्याही आतड्यात गाठ. आपण काही परत येत नाही असं धरून ते सगळी निरवानिरव करून आले होते. पगडी पुतण्याला, छत्री जावयाला, तंबोरा शेजाऱ्याला.

डॉक्टरांनी गाठीच्या देठाला दोरा बांधून ती कापली, भिंगाखाली पाहिली आणि सांगितलं, "साधी गाठ आहे. देठावर लोंबत होती, आतड्यात शिरलेली नव्हती. तुम्ही बरे झालात."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला.

"पण डॉक्टर, पुतण्या पगडी परत द्यायचा नाही हो!"

*

दादूसनं मग डॉक्टरांना विचारलं, "यांची साधी, मग माझी कसली? दोन्ही गाठीच ना?" डॉक्टर इंग्रजी नावं सांगू लागले. दादूसनं हात वर केला. तो आमच्या होडीचा तांडेल, तिचा मुख्य माणूस. कुणालाही थांबवायची त्याला सवय होती.

"होडीच्या बुडाला शिंपले चिकटतात. खरवडले की फळी साफ. पण एक किडा असतो, तो लाकडातच शिरतो. वरून एवढंसं भोक आणि आत सगळी फळी पोखरलेली. यांचे शिंपले आणि माझा किडा, असंच ना?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

"मग खरवडून भागत नाही. फळीच कापावी लागते. दोन्ही बाजूंची चार चार बोटं चांगली फळीसुद्धा कापायची, नाहीतर किडा मागे राहतो."

"तांडेल, आम्हीही तेच करू बघतो! तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"बुडालेल्या होड्यांनी!"

*

क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "गाठ काढता आली नाही. यकृतापर्यंत पसरली आहे. आतडं तुंबलं होतं म्हणून पोटावर वाट काढून दिली, आता मळ तिथून बाहेर येईल. त्रास कमी होईल, काही महिने मिळतील. त्याला काय सांगायचं ते नीट विचार करून ठरव."

विचार करणं मला कधी जमलंय? दादूसनं डोळे उघडले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादूस, शिंपलेच होते! सगळे खरवडले!"

तो जड जिभेनं म्हणाला, "मग पोटाला भोक कशाला?"

"वारा खेळायला!"

भाऊसाहेब भिंतीकडे तोंड करून वळले. त्यांची पाठ हलत होती. हसत होते की रडत, कळलं नाही.

*

त्या वाटेवर कापसाची घडी ठेवून पट्टा बांधावा लागे. वयनी शिकली, मीही शिकलो. बघायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून लांब उभ्या राहायच्या. शेवटी दादूसच म्हणाला, "लाजता काय? जुनं बंदर गाळानं भरलं, म्हणून डॉक्टरांनी नवीन बंदर उघडलंय!"

तेव्हापासून वॉर्डातला जो तो दारातूनच विचारायचा, "काय तांडेल, बंदर चालू का?"

"चालू! आज भरती आहे, लांब बसा!"

इस्पितळाचा कुणाला लळा लागतो का? मला लागला. अजूनही संध्याकाळी डबा घेऊन तिकडे निघावंसं वाटतं.

*

घरी आल्यावर दादूस दिवसेंदिवस वाळत गेला. मी रोज म्हणायचो, "कालच्यापेक्षा बरा दिसतोस." तो म्हणायचा, "बरं."

नारळी पौर्णिमेला त्याला खुर्चीवर बसवून चौघांनी धक्क्यावर नेलं. आमच्यात होडीचा नारळ समुद्राला सोडायचा मान तांडेलाचा. सोनेरी कागदातला नारळ वयनीनं त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हे काय, दादूस? तू सोड! बरा झालास ना आता. अजून वीस वर्षं तूच सोडणार आहेस!" सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो.

दादूसनं माझ्याकडे पाहिलं, मग जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि वल्हेकऱ्यांना हाक मारायचा तसा ओरडला,

"ऐका रे! माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही, पण होडी झकास हाकारतो. आजपासून तांडेल हाच!"