पाठीमागून लावलेला पट्टा

सीटबेल्ट मी लावला होता. पाठीमागून.

म्हणजे पट्टा आपल्या पाठीमागून घ्यायचा, खाचेत अडकवायचा आणि त्याच्यावर टेकून बसायचं. गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे, ती टूं-टूं करायची थांबते, आणि माणूस मोकळाच्या मोकळा. ही अक्कल मी चार जणांना शिकवलीही होती. त्या दिवशी तर कारण भरभक्कम होतं. भाचीचं लग्न, मी सख्खा मामा, अंगात खळ घालून इस्त्री केलेला पांढराशुभ्र सदरा. पट्टा छातीवरून घेतला की सदऱ्याला तिरपी चुणी पडते. मुलीच्या मामाने चुणी घेऊन मांडवात शिरायचं?

एअरबॅगचंही सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी नको. डॅशबोर्डवर तिचा लाल दिवा कित्येक महिने पेटलेला होता. मेकॅनिककडे जायचं सोडून मी त्यावर एकवीरा आईचं स्टिकर चिकटवलं. दिवा दिसेनासा झाला. माझ्या हिशेबी गाडी दुरुस्त झाली.

लग्न पडघ्याला, हॉलमध्ये, दुपारी बाराचा मुहूर्त. आमचं घर भिवंडीजवळच्या कोनला. बायको हळदीपासूनच माझ्या बहिणीकडे मुक्कामाला होती. मी सकाळी ऐटीत पोचलो, दोनतीन जणांना नमस्कार केले, चहा घेतला, आणि नऊच्या सुमारास बायकोने विचारलं, "साडी कुठं हाय?"

मामाची साडी. पिवळी. ती नेसूनच मुलगी बोहल्यावर चढते, आणि तिला हाताला धरून नेतो तोही मामाच. साडी कोनला होती. कपाटावर, खोक्यात, मला दिसावी म्हणून बायकोने मुद्दाम पुढे ठेवलेली.

"एक काम दिलं व्हतं," बायको म्हणाली. "एक."

गेलो परत. साडीचं खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि निघालो. बायपासला ट्रकांची रांग दिसली म्हणून गाडी शहरात घातली. हीसुद्धा माझीच हुशारी. धामणकर नाक्यापाशी पुढे कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो होता. वेग असून असून किती असणार? त्या नाक्यावर वेग कोणाला मिळालाय? पण समोर जरा जागा दिसली तशी मी गाडी रेटली, आणि नेमकं तेव्हाच खोकं सीटवरून घसरायला लागलं. मी ते धरायला वाकलो. मान वर केली तेव्हा टेम्पो उभा होता आणि मी उभा नव्हतो.

स्टिअरिंग छातीवर बसलं. दुखलं, पण दुखण्याची भीती नंतरची. आधी श्वासच येईना. तोंड उघडं, आत काही जात नाही. मासा टोपलीत पडल्यावर जसं तोंड करतो तसं माझं झालं असावं. मग कुठून तरी हवा आली, आणि तिच्याबरोबर डाव्या बरगडीत सुरी.

लोक जमले. टेम्पोवाला भांडायच्या तयारीने उतरला होता, पण माझं तोंड बघून मागे सरला. सगळ्यांत आधी दार उघडलं ते एका लूमवाल्याने. यंत्रमागावर रात्रपाळी करून बाहेर पडलेला, दाढीत कापसाची भुरी.

"चाचा, हिलो मत. गर्दन सीधी रखो. साँस लेने में दर्द है?"

"कुछ नहीं हुआ," मी म्हणालो आणि उतरलो. उतरताना नाक्यावरची दुकानं एकदा डावीकडे गेली, मग जागेवर आली.

"ऐसे उठते नहीं, चाचा. रिक्शा बुलाता हूँ, सरकारी अस्पताल पास में है."

"टाइम नहीं है. मैं मामा हूँ."

"किसका?"

"लड़की का. शादी है, पडघा में."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लड़की को मामा ज़िंदा चाहिए ना?"

लोक हसले. मीही हसायला गेलो आणि बरगडीने मला तिथेच दाबून बसवलं. कोणीतरी सोडा आणून दिला. लूमवाला म्हणाला, पिऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा. मी प्यालो. पोलिसांना कळवू का, असं कोणीतरी विचारलं. मी हात जोडले. लग्नाच्या दिवशी पोलीस कुठे! टेम्पोवाल्याला म्हटलं, जा बाबा, तुझं काही नाही, माझं काही नाही. आज कोणी मला विचारलं, की अपघात झाल्यावर काय करावं, तर मी सांगेन, त्या दहा मिनिटांत मी जे जे केलं त्याच्या बरोबर उलटं करा. लूमवाला मात्र शहाणा होता. गाडीखालून पाणी गळत होतं, ती त्याने चौघांना घेऊन कडेला ढकलली. गाडीचा, टेम्पोच्या नंबरचा, रस्त्याचा फोटो काढला आणि माझा नंबर घेऊन मला पाठवला. "आगे काम आएगा," म्हणाला.

मी खोकं उचललं, चावी खिशात टाकली आणि रिक्षात बसलो.

भिवंडी ते पडघा हा रस्ता मी आयुष्यभर पाहिलाय. त्यात किती खड्डे आहेत ते त्या दिवशी मोजले. प्रत्येक खड्ड्याला बरगडीतली सुरी एक बोट आत जायची. पण खरी भीती वेगळीच होती. श्वास लहान होत चालला होता. नाक्यावर मी एका दमात पूर्ण वाक्य बोललो होतो. शहराबाहेर पडेपर्यंत अर्धं. हायवेला लागल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कौन सा हॉल?" तर नाव सांगता सांगता मला मध्ये थांबावं लागलं. मी मनाशी ठरवलं, घाबरल्यामुळे होतंय. मग विचार आला, की घाबरलो नसतो तर असं मनाशी ठरवावं कशाला लागलं असतं?

हॉलच्या दारात बायको उभी. खोकं जवळजवळ हिसकावून घेतलं.

"गाडी कुठं हाय? आणि तोंड असं का केलंय?"

"ट्राफिक," मी म्हणालो. एका शब्दाएवढी हवा होती.

का नाही सांगितलं? लोक विचारतात. एक तर आमच्याकडे लग्नघरी अपघाताचं नाव काढत नाहीत. बहिणीची पहिलीच मुलगी, मुहूर्ताच्या आधी मामाच अपशकुन घेऊन उभा राहिला तर ती जन्मभर बोलली असती. दुसरं कारण खरं. पट्टा नीट लावा, नीट लावा म्हणून बायको दोन वर्षं माझ्या मागे होती. तिला सांगायचं म्हणजे पट्ट्यापासून सुरुवात करावी लागली असती. मला मरणाची भीती वाटत होती हे खरं, पण त्या घडीला बायकोची थोडी जास्त वाटत होती.

भाची साडी नेसायला गेली. मी तोंड धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये शिरलो आणि आरशात पाहिलं. सदरा अजून कडक होता. चेहरा मात्र राखेसारखा. गळ्याशी काही तरी सुजल्यासारखं वाटलं म्हणून मी कॉलरच्या हाडावर बोट दाबलं.

कुरकुर झालं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कातडीखाली कोणीतरी भाजलेला पापड पसरून ठेवावा आणि तो बोटाखाली मोडावा, तसं. माझ्याच अंगात. मी बोट झटक्यात काढलं. तीस वर्षं ज्या गळ्यावरून रोज दाढीचं ब्लेड फिरवलं तो गळा माझा राहिला नव्हता. बाहेर बँजो वाजत होता, पोरं नाचत होती, बासुंदीचा वास येत होता, आणि मी बेसिनला धरून उभा, माझ्या आत काय फुटलंय ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. लूमवाल्याचा मेसेज: चाचा, अस्पताल पहुँचे?

मी अंगठा पाठवला. मग लाज वाटली. ज्याला मी ओळखत नाही, ज्याच्याशी पुन्हा गाठ पडायची नाही, त्याच्याशी खोटं बोलून मला काय मिळणार होतं? मी लिहिलं, नहीं पहुँचा. गले की चमड़ी कुरकुर करती है. ये क्या होता है?

त्याने लगेच फोन केला. "चाचा, मुझे नहीं मालूम क्या होता है. मैं कपड़ा बनाता हूँ. लेकिन मेरे को डर लग रहा है. आपको नहीं लग रहा?"

वाटत होती भीती. इतकी, की मी फोनच ठेवून दिला.

बाहेर माईकवर भटजींचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावं."

मी ठरवलं, एवढं करायचं. खोलीपासून बोहल्यापर्यंत चाळीस पावलं असतील. तेवढी चालायची, अक्षता पडेपर्यंत मागे उभं राहायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. भाची पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून उभी होती. तिने माझा हात धरला आणि हसत म्हणाली, "मामा, साडी विसरलात ना? मामीने सगळ्या हॉलला सांगितलंय."

मला म्हणायचं होतं, तुझ्या मामीला दुसरा धंदा नाही. "तुझ्या," मी म्हणालो. श्वास घेतला. "मामीला." श्वास घेतला.

तिचं हसू गेलं. "मामा, ओठ निळे दिसतायत तुमचे."

"चल."

"न्हाय. काय झालंय?"

माईक पुन्हा ओरडला, मुलीचे मामा, मुलीचे मामा. मी तिला ओढायला गेलो तर भाची, नवरी मुलगी, तिथेच खुर्चीवर बसली. म्हणाली, "खरं सांगा, नायतर मी उठत न्हाय. मुहूर्त गेला तरी चालंल."

तीन शब्दांत सांगितलं. गाडी. टेम्पो. छाती. आणि तिचं बोट धरून माझ्या गळ्यावर दाबलं. तिने किंचाळी मारली ती बँजोच्या वर गेली.

बायको धावत आली. काही न विचारता तिने सदऱ्याची बटणं उघडली. छातीवर स्टिअरिंगचा अर्धा गोल उमटला होता, काळानिळा, कंपासने काढल्यासारखा. ती एक शब्द बोलली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

हॉलच्या बाहेर सगळ्या गाड्या एकमेकींत अडकलेल्या. दारापाशी मोकळी एकच होती, नवरदेवाची, गुलाबांनी मढवलेली. मला तिच्यात घातलं. पुढच्या काचेवर नवरा-नवरीची नावं, आणि मागे मी, बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून, एकेक घोट हवा उधार घेत. रस्त्यात दोन पोरांनी हात केला. बायकोने आधी स्वतःचा पट्टा लावला, नीट, छातीवरून, आणि मग माझा हात घट्ट धरला. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता. मी डोळे मिटले तर तिने थोबाडीत मारली. "झोपायचं न्हाय. माझ्याकडं बघा."

हायवेवरच्या दवाखान्यात वॉचमनने गाडी बघून विचारलं, नवरा कुठला? डॉक्टर तरुण होते. काय झालं म्हणाले. पोलीस नको, बायकोसमोर नको, ही सवय इतकी हाडात मुरलेली, की मी म्हटलं, "बाथरूममध्ये पडलो."

त्यांनी छातीवरचा गोल पाहिला. "तुमच्या बाथरूमला स्टिअरिंग आहे?"

मग नर्सने कात्री घेतली आणि माझा पांढराशुभ्र, खळ घातलेला, चुणी न पडलेला सदरा खालपासून वरपर्यंत कापला. बरगडी मोडून फुफ्फुसाला भोक पडलं होतं. हवा छातीत साठत होती, फुफ्फुसाला दाबत होती आणि कातडीखाली पसरत होती. तोच माझा पापड. "अजून तासभर मांडवात थांबला असता," डॉक्टर म्हणाले, आणि हातमोजे चढवायला लागले. बरगड्यांच्या मधून नळी घातली. फुस्स असा आवाज आला, आणि मी श्वास घेतला. पूर्ण. रडलोही. नळी दुखत होती म्हणून, असं सगळ्यांना सांगितलंय.

आठ दिवसांनी घरी आलो. पोलिसांची नोंद दवाखान्यानेच केली, आणि विम्याला लूमवाल्याचे फोटो लागले. तो स्वतः येऊन बघून गेला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि जाताना म्हणाला, "चाचा, अंगूठा फिर कभी मत भेजना."

लग्नाचे फोटो आले ते भाचीच घेऊन आली. आम्ही तिघं बघत बसलो. एका फोटोत पिवळ्या साडीतली भाची, आणि तिच्यामागे हात जोडून माझा चुलतभाऊ. पंगतीची व्यवस्था बघत होता, त्याला तसाच उचलून बोहल्यावर उभा केलेला. अंगात चुरगळलेला टी-शर्ट, पोटावर वरणाचा डाग. अक्षता त्याच्या डोक्यावर पडल्या होत्या, लग्न व्यवस्थित लागलं होतं. मी तो फोटो बराच वेळ हातात धरला. कोणी काहीतरी गोड बोलेल अशी माझी अपेक्षा होती.

बायकोने फोटो माझ्या हातातून काढून घेतला. "लग्नाला मामा लागतो," ती म्हणाली. "तुमीच लागता, असं कोणी सांगितलं व्हतं?"