उकिरड्यात न कुजणारी पिशवी

माझ्या कडक भाकरीच्या पाकिटावर मागच्या बाजूला आता एक ओळ छापलेली असते: ‘ही पिशवी घरच्या उकिरड्यात कुजत नाही.’ सोलापूरचा एक दुकानदार ती वाचून हसला. “अहो ताई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. लोक आपल्या मालाचे गोडवे गातात आणि तुम्ही खोट छापता?” मी म्हटलं, माल घ्यायचा तर घ्या, शहाणपण नको. माझी जीभ आहेच तिखट. पण ती ओळ कुठून आली हे त्याला सांगितलं नाही. घरातही अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आमचं घर आळंदला. तिथून जवळच्या खजुरीत सात-आठ बायका माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी करतात, चुलीच्या धगीला ठेवून पापडासारख्या कडक करतात. मी त्या शेंगाचटणीसोबत पाकिटात भरून सोलापूर, पुणे, हैदराबादच्या दुकानांना देते. या बायकांची म्होरकी म्हणजे अक्का. नात्याची नाही, जातीची नाही, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. मला ती तंगी म्हणते, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. धंदा सुरू केला तेव्हा मला धड सपाट भाकरीही थापता येत नव्हती. अक्काने मला एका शब्दाने हिणवलं नाही, नुसती माझी भाकरी उचलून म्हशीला घातली.

पुण्याचे दुकानदार प्लास्टिक नको म्हणू लागले तेव्हा हैदराबादहून एक पिशवीवाला आला. मक्यापासून केलेली पिशवी, हाताला मऊ, कोपऱ्यात रोपट्याचं चित्र. सोबत एक इंग्रजी दाखला, त्यावर शिक्का आणि नंबर. मी विचारलं, खरंच कुजते का? तो म्हणाला, “क्या फिकर करते मॅडम, मिट्टी में डालो, मिट्टीच हो जाती.” दाखला मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवला. वाचला नाही. शिक्का दिसला की आपण वाचत नाही, हे मला आता कळतं.

पिशव्यांवर मी मोठ्या अक्षरांत ‘माती होणारी पिशवी’ असं छापून घेतलं आणि खजुरीला जाऊन ऐटीत सांगितलं, “अक्का, ही पिशवी उकिरड्यात टाकली की खत होतं बघ.” पिशवीचं तोंड यंत्रावर चिकटवताना रोज पाच-दहा पिशव्या वाकड्या होत, जळत. आधी त्या चुलीत जायच्या. आता अक्काने त्या गोळा करायला सुरुवात केली. तिची दोन एकर मुरमाड जमीन, पावसाचं पाणी धरत नाही. खत म्हटलं की तिचे डोळे चमकतात. बाकीच्या बायांच्याही खराब पिशव्या ती मागून घेई आणि शेणाच्या थरांत नीट पसरून ठेवी. वर पाणी शिंपडी. मला ते बघून धन्य वाटायचं, आपण काहीतरी मोठं काम करतोय असं.

वर्षभराने जर्मनीहून एका मुलीचा निरोप आला. ती मूळची उदगीरकडची, तिकडे तिचं किराणा दुकान. तिला आमच्या भाकरी हव्या होत्या. तिने पिशवीचे कागद मागितले, मी दाखल्याचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला आणि तिने मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. हा दाखला कचऱ्याचं खत करणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठीचा आहे, म्हणाली. तिथे जवळजवळ साठ अंशांची उष्णता आठवडेच्या आठवडे टिकवतात, हवा-पाणी मापून देतात. तिथे ही पिशवी कुजते. घरच्या खड्ड्यासाठी वेगळी परीक्षा असते, वेगळा दाखला, तो हिला नाही. तिच्या गावात तर ओल्या कचऱ्याच्या डब्यातही अशी पिशवी टाकू देत नाहीत. अमेरिकेचा कागद आणखी वेगळा. आणि आपल्या देशात विकायची तर सरकारच्या प्रदूषण मंडळाचा दाखला लागतो, पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर लागतो. ते माझ्या पिशवीवर काहीच नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “आणि काकू, हा नंबर पिशवीचा नाहीच. ज्या प्लास्टिकसारख्या दाण्यांपासून पिशवी करतात, त्या दाण्यांचा आहे.” म्हणजे ज्वारी चांगली असल्याचा दाखला दाखवून भाकरी खपवायची. हे मला लगेच समजलं. चार दिवस मी मुलाच्या मोबाइलवर तेच ते वाचत बसले. कुठल्या बाजाराला कुठला कागद लागतो, कुठला शिक्का कुठे चालतो. दाखला खोटा नव्हता. पिशवी कुठे कुजते ते त्यात लिहिलेलं होतं, आणि ते ठिकाण खजुरीत नव्हतं. आमचा उकिरडा दोन दिवस तापतो आणि निवतो.

हे मला चैत्रात कळलं. त्यानंतर आठच दिवसांनी अक्काचा फोन आला. “तंगी, उकिरडा उपसायलोत. पिशव्या हायत तशाच दिसायल्यात गं. टाकू का रानात, का येगळ्या काढू?”

माझ्या पाठीमागे तीन पोती छापील पिशव्या उभ्या होत्या. पण खरं कारण पोती नव्हे. खजुरीत मी ज्या तोऱ्यात सांगितलं होतं, तो तोरा मला उतरवायचा नव्हता. मी म्हटलं, “टाक की अक्का. मातीत गेल्यावर व्हतंय खत.”

“व्हय, तू म्हणायलीस तर व्हईल,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी खजुरीला जायची तेव्हा रस्त्यावरूनच जायची, रानाकडे वळायची नाही. पोती संपली तशा मी गुपचूप दुसऱ्या पिशव्या आणल्या, नीट कागद तपासून. त्याही कारखान्यातच कुजणाऱ्या, पण ती मागची ओळ तेव्हा छापली नव्हती. बायांना सांगितलं, रंग बदललाय. जर्मनीच्या मुलीला सरळ कळवलं की सध्या जमणार नाही. परक्या मुलीशी खरं बोलले आणि अक्काशी नाही.

मग येळवस आली. पौषाच्या तोंडावरची ही अमावास्या आमच्याकडे घरात कुणी काढत नाही. सगळा गाव रानात. कडब्याची खोप करायची, त्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पुजायचे, मिसळ भाजीची भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातलं अंबिल करायचं आणि भेटेल त्याला जेवू घालायचं. भूमीला दिवस गेलेले असतात असं आमच्या बायका मानतात. म्हणून जेवायच्या आधी अंबिल शिंपडत रानाला फेरा घालायचा, तिचे डोहाळे पुरवायचे. अक्काचं बोलावणं मोडणं मला शक्य नव्हतं.

ती पुढे, अंबिलाची घागर घेऊन. मी मागे, लिंबाच्या डहाळीने शिंपडत. ज्वारी छातीला लागत होती. हरभऱ्याच्या पट्ट्यात आलो आणि मला त्या दिसल्या. घाटे धरलेल्या झुडपांना अडकलेल्या, ढेकळांतून वर आलेल्या, फाटून चिंध्या झालेल्या माझ्या पिशव्या. एका तुकड्यावर ‘माती होणारी’ एवढंच उरलं होतं. भूमीच्या ओटीत मी हे घातलं होतं. माझा हात थांबला.

अक्काने वळून पाहिलं आणि तीच ओशाळली. “बघू नगंस तिकडं. माझाच उकिरडा थंड पडला बघ. पाणी कमी पडलं आसंल. औंदा दोनदा खालवर केले, पावण्याच्या म्हशीचं शेण आणून घातले, तरी न्हाईच.” मग हळूच म्हणाली, “तुला वाईट वाटंल म्हणून सांगिटले न्हाई.”

ती बोलत राहिली. बांधापलीकडचं रान एका म्हातारीचं. ती आमच्यातली सगळ्यात जुनी भाकरीवाली, पावसाळ्यात यायची बंद झाली होती. अक्काने मला गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. “गुडघं न्हाई गं. ती सगळ्यांम्होरं म्हणली, ही पिशवी कुजत न्हाई, तुमची मालकीण फशिवती. मी तिला खोटारडी म्हणले. नगं ती बोलले. तवापासून ती आली न्हाई. आज येळवशीचं बी बोलावले न्हाई मी तिला.” येळवशीला वाटसरूलाही बोलावतात.

तेव्हा मी सांगितलं. उभ्याने, हातात ती डहाळी धरून. पिशवी मोठ्या कारखान्यातच कुजते, उकिरड्यात नाही, उकिरडा तुझा चांगलाच होता. तिला कारखाना, दाखला काही विचारायचं नव्हतं. तिने एकच विचारलं.

“तुला कवा कळलं?”

“चैत्रात.”

“मी फोन केल्ते तवा?”

“तवा ठावं व्हतं, अक्का.”

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. तिने घागर उचलली, राहिलेला फेरा पूर्ण केला, प्रत्येक कोपऱ्यात अंबिल सांडलं. मी मागून शिंपडत गेले, कारण फेरा अर्धा सोडत नाहीत. खोपीत येऊन तिने एका ताटात भज्जी, उंडे, खीर वाढली, ताट पदराखाली झाकलं. मला वाटलं माझंच ताट. ती ते घेऊन उठली.

“कुठं निघालीस?”

“म्हातारीकडं. तिला खोटी म्हणले ना मी.”

“मी येते. मी सांगते तिला.”

“तू नगं येऊ,” ती म्हणाली. “तू आलीस तर ती मालकिणीचं तोंड बघून व्हय म्हणंल. मी म्हणले तिला, मीच जाते. तू जेव.”

ती बांध ओलांडून गेली. पलीकडच्या खोपीपुढे बसलेली म्हातारी उठली नाही. अक्काने ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. बराच वेळ तशीच उभी होती. माझ्या खोट्यापायी ती तिथे उभी होती, आणि खरं सांगते, शरम वाटत होती तरी, आपल्याला जावं लागलं नाही याचं मला बरं वाटत होतं.