बाबांच्या चेहऱ्यावरची माता

त्या दिवसांत मी सकाळी उठल्याबरोबर बाबांचं तोंड बघायचे. ब्रश नंतर, चहा नंतर, आधी तोंड. गाल, कपाळ, नाकाच्या कडा. काही आलंय का? काहीच नसायचं. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावरही बाबा रोज न चुकता दाढी करायचे, त्यामुळे गाल कसे तुळतुळीत. मला तो तुळतुळीतपणा बघवत नसे.

बाबांच्या फुप्फुसातला कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. ज्या माणसानं आयुष्यात विडी ओढली नाही त्याला हे व्हावं, याचा राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांवर काढत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि त्यात एक ठरावीक बदल सापडला. नेमकी त्या बदलावरच मारा करणारी गोळी आहे, म्हणाले. रोज सकाळी उपाशीपोटी एक. "तोंडावर फोड येतील. घाबरू नका, बऱ्याच जणांत गोळी लागू पडत असल्याची ती खूण असते. फारच आले तर मात्र कळवा."

तेव्हापासून मी फोडांची वाट बघत होते. आई म्हणायची, "काहून टकमक पाहून राहिली वं त्यायच्या तोंडाकडे? बसू दे ना त्यायले." मलाच बसवत नव्हतं. शहापूरच्या आमच्या घरात अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात माझ्या येरझाऱ्या चालायच्या.

त्यातच बँकेनं मला ट्रेनिंगला पुण्याला धाडलं. मी रोज फोन करायचे, आलं का काही? आई म्हणायची, "बरे हायेत." बाबांना दे म्हटलं की, "झोपले हायेत." केव्हाही फोन करा, झोपलेलेच. माझा जीव टांगणीला लागला. शेवटचा दिवस बुडवून मी गाडीत बसले.

घरी पोचले तर दाराला कडुनिंबाचे डहाळे. घरात फोडणीचा वास नाही. आत खाटेवर बाबा, दाढी वाढलेली, आणि कपाळापासून छातीपर्यंत लालबुंद फोड. मी हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते.

आई धावत आली. "हासू नोको! माता आली हाये तुया बाबाले."

"माता नाही, कांजिण्या नाहीत गं आई, हे गोळीनं आलंय! गोळी देतेस ना?"

"माता घरात असताना फोडणी देत नाही, औषध देते काय कोणी? कोपली म्हंजे?"

गोळी बंद होती. मातेचं असं फोनवर बोलत नाहीत, म्हणून मला सांगितलंही नव्हतं. "डॉक्टरनं फोड सांगतले होते," आई म्हणाली, "हे साधे फोड दिसतात काय तुले?" मग आमची जी जुंपली ती अर्ध्या गल्लीनं ऐकली असेल. बाबा खाटेवरून म्हणाले, "भांडा तुम्ही दोघी. मले खाज सुटून राहिली."

आई अंगणात गेल्यावर मी बाबांच्या खाटेशी बसून स्पीकरवर नागपूरला फोन लावला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, एवढं अंगावर आलं असेल तर आम्हीही गोळी काही दिवस थांबवलीच असती. आता मलम लावा आणि पुन्हा सुरू करा. यातलं पहिलं वाक्य मी आईला सांगणार नव्हते. बाबांनी लगेच सांगितलं. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, गोळ्यांचा डबा पदराखाली घेतला आणि तलावाच्या पाळीवरच्या मातामायकडे, गावच्या देवीकडे गेली. डबा देवीपुढे टेकवून आणला. दुसऱ्या सकाळी तिनंच स्वतःच्या हातानं गोळी दिली.

मग बाबांचा खोकला थांबला. ते हायवेपर्यंत चालत जाऊ लागले, दुसरी पोळी मागू लागले. चेहरा मात्र खरबरीतच. "काय झालं जी तोंडाले?" असं कोणी विचारलं की ऐटीत सांगायचे, "औषध काम करून राहिलं." दारावरचा कडुनिंब वाळला की आई ताजा बांधायची. ते फोड बघितले की मला भूक लागायची.

आणि एक दिवस खोकला परत आला. स्कॅन झालं. गोळीला चुकवून गाठीनं दुसरी वाट काढली होती. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. पुन्हा तुकडा, पुन्हा तपासणी, दुसरं औषध लागू होतं का याची पुन्हा वाट. इकडे बाबांचा चेहरा साफ होत गेला. "आता कसे मस्त दिसून राहिले जी!" लोक म्हणायचे. त्यांचं तोंड दाबावंसं वाटायचं मला. बाबा दाढी करून आरशासमोर नुसतेच बसून राहायचे.

माता गेली की तिला दहीभात देऊन निरोप द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. एका सकाळी आई दहीभाताचं ताट घेऊन निघाली आणि माझं डोकंच फिरलं. कसला निरोप? कशाचा आनंद? भांडायचं म्हणूनच मी तिच्या मागोमाग गेले.

आई मातामायसमोर बसली होती. तिनं ताट पुढे सरकवलं, पदर पसरला आणि म्हणाली, "कायले गेली वं माय? अजून राहाची होती. ये ना वापस. बस त्यायच्या तोंडावर."

मी तिच्याशेजारी बसले आणि ओढणी पसरली.