दोघांनी राखलेली गाडी

उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये राजशेखर पट्टणशेट्टी आणि त्यांचा धाकटा भाऊ शशिधर यांचं लेथचं वर्कशॉप होतं. पंपाचे शाफ्ट, बुश, असली कामं. घर शुक्रवार पेठेत, एकत्र. थोरल्याला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा कमी बोलायचे आणि बोलले की रागावल्यासारखं वाटायचं. त्यांची बायको लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी सौंदर्या, ती शशिधर आणि त्याची बायको वर्षाराणी यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यांना मूलबाळ नव्हतं. सौंदर्या बापाला अप्पा म्हणायची आणि शशिधरला चिक्कप्पा, म्हणजे कानडीत काका.

शहाण्णव साली सांगलीचा एक लाकूड व्यापारी वारला आणि त्याची जुनी पांढरी मर्सिडीज या दोघा भावांनी घेतली. वखारीत भुसा खात पडलेली गाडी. टेम्पोमागं दोर बांधून ओढत आणली. शेजारचा फौंड्रीवाला केरबा म्हणाला, "अण्णा, हत्ती आणून बांधलासा की दारात!"

एकदा पुण्याच्या डीलरकडं नेऊन दाखवली. तिथला माणूस चांगला होता. गाडी ठेवून जा, म्हणाला, पार्ट मागवावे लागतील, वेळ लागेल.

"काम करताना आम्ही जवळ उभं ऱ्हायलो तर चालंल न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"आत नाही सोडत, काका. काचेतून बघू शकता."

अण्णांनी टेबलावरची किल्ली परत उचलली. बाहेर आल्यावर शशिधरला म्हणाले, "आपली वस्तू दुसरा उघडणार आणि आपण काचंतनं बघायचं? चल घरला."

तेव्हापासून त्या गाडीला परक्याचा हात लागला नाही. ऑइल बदलणं, फिल्टर, व्हॉल्व्हची सेटिंग, सगळं रविवारी शेडमध्ये. जो पार्ट मिळाला नाही तो लेथवर काढला. ब्रेकची हवा काढायचं काम मात्र एकट्याचं नव्हे. एकानं आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा बारका स्क्रू सैल करायचा. नळीतून तेलाबरोबर बुडबुडे येतात. स्क्रू आवळल्याशिवाय वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. अण्णा खाली, शशिधर वर. "दाब." "दाबलं." "सोड." मधल्या वेळात शशिधरच्या गप्पा. मागच्या सीटवर सौंदर्या अकरावीची पुस्तकं घेऊन बसलेली, चिक्कप्पाच्या गप्पांना हसत. अण्णा खालून ओरडायचे, "अगं, अभ्यास कर की!" पण त्या ओरडण्यात राग नसायचा.

सौंदर्या शिकली, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली. तिथंच सूरज एक्स-रे काढायचा. बौद्ध घरातला मुलगा, सरळ, कामाचा. दोन हजार दोन साली तिनं घरात सांगितलं की लग्न करीन तर त्याच्याशीच.

"आपल्यातली पोरं मेली व्हय?" अण्णा म्हणाले.

"अप्पा, एकदा त्याला बघ तरी."

"न्हाय. माझ्या उंबऱ्यात न्हाय."

शशिधरनं समजावून बघितलं. अण्णा ताटावरून उठून गेले. पुढच्या महिन्यात सौंदर्यानं नोंदणी करून लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही केली शशिधरनं. आणि तिला तिथवर नेलं ते पांढऱ्या गाडीतून. काचेला फुलांची माळ सुद्धा लावली होती त्यानं. संध्याकाळी गाडी शेडला लावताना माळ काढायची राहिली. अण्णांनी ती बघितली.

"माझ्या गाडीतनं?" एवढंच विचारलं.

"आपल्या गाडीतनं," शशिधर म्हणाला. "पोरीला काय रिक्षातनं पाठवायची?"

त्या दिवसापासून अण्णा भावाशी बोलायचे बंद झाले. घर तेच, शेड तीच, वर्षाराणीच्या हातचं जेवणही तेच. पण थोरला ताटावरून उठला की धाकटा बसणार. शेडमध्ये काही विचारायचं झालं तर केरबाला मध्ये घालून. सौंदर्याचं नाव घरात घ्यायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी घेतलंही नाही. ती आणि सूरज मिरजेला राहायला गेले. शशिधर अधूनमधून जाऊन यायचा, बसनं.

काही महिन्यांनी गाडीचा ब्रेक ढिला लागायला लागला. अण्णांनी सीट आणि पॅडल यांच्यामध्ये लाकूड अडकवून एकट्यानं हवा काढायचा प्रयत्न केला. लाकूड निसटलं. मग वर्षाराणीला हाक मारली. ती बसली, दाबलं, आणि अण्णा खेकसल्यावर उतरून उभी राहिली. "तुमच्या भावाला बोलवा की, भावजी. मला जमत न्हाय हे."

अण्णांनी बोलावलं नाही. रविवारी शशिधर आपणहून आला, दार उघडून सीटवर बसला. अण्णा बराच वेळ पाना पुसत राहिले. मग खाली सरकले.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

पुढं चार वर्षं दोघा भावांमध्ये एवढंच बोलणं. गाडी फार धावायची नाही, तरी तिच्या ब्रेकची हवा वर्षातून दोनदा तरी निघायची. तेवढी गरज होती का, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

अशाच एका रविवारी पॅडल दाबून धरल्यावर शशिधर समोरच्या काचेकडं बघत म्हणाला, "सौंदर्याला मुलगी झाली. शिवानी नाव ठेवलंय."

खालचा स्क्रू तसाच सैल राहिला. पॅडल तळाला टेकलं, नळीतलं तेल यायचं थांबलं. शशिधरनं पाय उचलला नाही. त्याची पोटरी थरथरायला लागली तरी धरून बसला. मग कधीतरी स्क्रू आवळल्याचा आवाज आला.

"सोड," अण्णा म्हणाले. त्या दिवशी पुढची चाकं राहूनच गेली.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर अण्णा खाली होते आणि नळीत तेल नेहमीसारखं येईना. थेंब थेंब.

"नीट दाब की!"

"दाबतोय, अण्णा."

"असं दाबत्यात?" म्हणून अण्णा रागानं बाहेर आले आणि त्यांना भावाचा पाय दिसला. चप्पल अर्धीच पायात गेलेली. घोट्यापाशी पाय सुजून गोल झालेला. त्यांनी बोटानं दाबून बघितलं, खळगा तसाच राहिला.

"कधीपासनं हे?"

"झालं की दोन-तीन महिने."

"आणि सांगितलं न्हाईस?"

"कुणाला सांगू?" शशिधर म्हणाला.

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मग डायलिसिस सुरू झालं आणि अण्णा भावाला त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायला लागले. जाताना शशिधर पुढच्या सीटवर, येताना मागं आडवा. आता दोघं बोलायचे. वर्कशॉपचं, केरबाचं, औषधांचं. एकदा येताना शशिधर डोळे मिटूनच म्हणाला, "अण्णा, एकदा भेटा की तिला. मी हाय तवर. मी बोलतो तिच्याशी, तुम्ही नुसतं बसा."

अण्णांनी गिअर बदलला. "तू बरा हो आधी. मग जाऊ दोघं."

शशिधर बरा झाला नाही. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तो गेला. अंत्ययात्रेला सौंदर्या आली होती, सूरजही. लिंगायत रीतीनं बसवलेल्या चिक्कप्पाच्या पायांवर डोकं ठेवून ती फार वेळ उठली नाही. वर्षाराणीनं तिला उठवलं. अण्णा चार पावलांवर उभे होते. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. अण्णांनी मान खाली घातली. त्यांना बोलायचं होतं, असं ते पुढं वर्षाराणीला म्हणाले. तोंडच उघडलं नाही. वर मान केली तेव्हा मुलगी निघून गेली होती.

त्यानंतर गाडी शेडमध्ये उभीच राहिली. दिवाळीनंतर एके दिवशी अण्णा वर्षाराणीला म्हणाले, "मिरजेला जाऊया का?" ब्रेक ढिला होता. त्यांनी गाडी शिरोलीच्या एका गॅरेजमध्ये नेली आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिले. आत गेलेही नाहीत. तिथल्या पोरानं विचारलं, "आजवर काम कुणी केलंय, काका? चांगलं ठेवलंय की."

"आम्ही दोघं होतो," अण्णा म्हणाले.

मिरजेच्या घराचं दार सौंदर्यानंच उघडलं. ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "या अप्पा. काकी, ये."

सूरजनं खुर्ची पुढं केली, पाणी आणलं. शिवानी आईच्या मागं लपून बघत होती. सौंदर्यानं विचारलं, "अप्पा, तुम्ही चहा घेणार का कॉफी?"

लहानपणापासून ही पोरगी बापाला अरेतुरे करायची. लग्नाचं सांगताना सुद्धा.

"मला 'तुम्ही' कशाला म्हणतीस?" अण्णांनी विचारलं.

तिनं शिवानीचा फ्रॉक सारखा केला. "सवय गेली, अप्पा," ती हळूच म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. भांड्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

अण्णा त्यानंतर दर महिन्याला जायचे. डोळे अधू झाल्यावर गाडी कागलच्या एका हौशी माणसाला देऊन टाकली आणि एसटीनं जायला लागले. शिवानी ओळखू लागली, जवळ यायला लागली. सूरज स्टँडवर सोडायला यायचा. सौंदर्या जेवायला आग्रह करायची, औषधं विचारायची, कधी मागचं काढायची नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर वर्षाराणी विचारायची, "काय म्हणती पोरगी? बोलली का?"

अण्णा पायरीवर बसून चपला काढायचे. "बोलती की. चांगलं बोलती," म्हणायचे. "पावण्याशी बोलावं तसं बोलती."