बाजूला ठेवलेले मासे

भालेरावताईंची आणि माझी पहिली भेट राजुरीत, आमच्या छोट्या दुकानात झाली. माझे मालक तेव्हा नुकतेच गेले होते. लग्नपत्रिका आणि हँडबिलांचा मजकूर जुळवायचं त्यांचं काम होतं, त्यासाठी पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणलेला होता. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यात नवी मराठी अक्षरं बसवली. ती चालतात का हे बघायला मात्र ते पुन्हा दुकानात आले नाहीत. मी बटण दाबलं की मशीन अर्ध्यावर थांबायचं. ते सुरू झालं नाही तर दुकान बंद करून मला माहेरी, आणे गावाला, जावं लागणार होतं.

माझे दीर म्हणाले, "वैनी, हे डबडं इकून टाका. दादाच्या हातचं व्हतं, आता कुणाचं ऐकायचं न्हाई."

ताई मूळच्या महाळुंगे पडवळच्या, मंचरला कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. माझा निरोप मिळाला तशा एसटीनं आल्या. आल्या आल्या काही उघडलं नाही, काही काढलं नाही. माझ्या शेजारी खुर्ची घेऊन नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. करड्या पडद्याच्या तळाशी एकेक चित्र उमटत होतं, जेवायला पंगतीत माणसं येऊन बसावीत तसं. मग रांग थांबली.

"ही कंट्रोल पॅनलची जोडकामं," ताई म्हणाल्या. "वरून बसवलेले छोटे प्रोग्राम. मशीन उठताना नावाच्या क्रमानं एकेकाला आत घेतं. यातल्या कुणाचं तरी आत पटत नाय."

शिफ्टची कळ दाबून धरत त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. पंगत आलीच नाही, पडदा मात्र उघडला. मग निम्मी जोडकामं बाहेर काढून चालू, बंद, पुन्हा चालू.

"ताई, हे काय भाकरी मोडल्यागत निम्मं निम्मं?" दिरांनी विचारलं.

"भाऊ, घरात भांडण लागलं की निम्म्यांना अंगणात काढायचं. भांडण कुठं ऱ्हातं ते बघायचं."

"आमच्यात अंगण पुरायचं न्हाई."

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

शेवटी दोन नावं उरली. एक नवी मराठी अक्षरं, दुसरे मासे. मशीनला कुणी हात लावला नाही की पडद्यावर निळं पाणी भरायचं आणि मासे फिरायचे. मालकांनीच ते घातले होते. दुखणं वाढल्यावर ते दुकानातल्या खाटेवर पडून तासन्‌तास बघत राहायचे. तो निळा उजेड त्यांच्या गालावर हलायचा, आणि मला वाटायचं, खोलीतच पाणी आहे.

ताईंनी माशांच्या नावाच्या सुरुवातीला खूण लावून त्यांना रांगेत शेवटी आणून पाहिलं. तरी मशीन अडलंच.

"दोघं एकत्र नांदायची नायत," त्या म्हणाल्या. "अक्षरं ठिवली तर दुकान चालंल. पण मासे तुमच्या यजमानांचे. मी हात लावणार नाय." आणि माउस माझ्याकडे सरकवला.

मी कितीतरी वेळ तशीच बसले. ताईंनी घाई केली नाही. मग मासे मीच ओढून बाहेर काढले. त्यांच्यासाठी ताईंनी वेगळं फोल्डर करून ठेवलं होतं.

"टाकून दिलं नाय बरं. मशीन उठताना त्यांना हाक मारत नाय, एवढंच."

पंगत पूर्ण भरली. पडदा उघडला. मी पहिला शब्द लिहिला तो मालकांचं नाव.

पुढे ताईंनी मला सगळं काम शिकवलं. पत्रिका जुळवता जुळवता मला वाचायची गोडी लागली, तेव्हा मंचरहून येताना ताईंच्या पिशवीत माझ्यासाठी पुस्तक असायचंच. क्लासमध्ये एखादी मुलगी चुकली तरी त्या तिला कधी खडसावत नसत. "परत चालू कर, बघू," इतकंच म्हणत. आज क्लासमधल्या अनेकजणी स्वतःच्या पायावर उभ्या आहेत.

काही वर्षांनी नवं मशीन आलं. जुनं बांधून ठेवायच्या दिवशी ताई आल्या होत्या. "आज काम नाय ना?" म्हणाल्या, आणि अक्षरं बाहेर काढून त्यांनी मासे आत घेतले. आम्ही दोघी बघत बसलो. चहा निवला. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली तरी त्या उठल्या नाहीत.

यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, डोळे निर्मळ राहोत, रात्री झोप शांत लागो. आणि एखाद्या बाईच्या शेजारी खुर्ची घेऊन गप्प बसायला त्यांना अजून पुष्कळ वर्षं मिळोत.