सायमनची वेगळी थाळी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पोस्टिंग मुंबईत गोरेगावच्या पुढे लष्कराच्या एका ट्रान्सपोर्ट कॅम्पमध्ये होती. मी हवालदार. सकाळी पीटी, मग गाड्यांचा मेंटेनन्स, दुपारी लंगरात जेवण. लंगर, म्हणजे आमचं स्वयंपाकघर, नाईक राणेच्या ताब्यात होतं. माणूस मालवणकडचा. हाताला झकास चव, जीभ मात्र तिखट.

लान्स नाईक सायमन ड्रायव्हर होता. अंधेरीजवळच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. रविवारी चर्चमधून परतताना तो कॅम्पच्या गेटबाहेर बसणाऱ्या महारोगी म्हाताऱ्यापाशी थांबायचा. त्याच्या जखमा धुवायचा, पट्टी बांधायचा. मग दोघं एकाच ताटात जेवायचे. म्हातारा शिव्या घालायचा, सायमन खो खो हसायचा.

हे राणेला कळलं.

"तुझा ताट येगळा ठेव," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माझ्या भांड्यांक हात लावू नको."

"बरं, राणेदादा," सायमन म्हणाला आणि आपली थाळी बाहेरच्या खिळ्याला अडकवून आला.

मी कांबळे. वेगळी थाळी म्हणजे काय, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. मी रिपोर्ट करायला निघालो. सायमन आडवा आला. "राहू द्या ना, उस्ताद. घाबरलाय तो. जाईल भीती."

एका दुपारी लंगरातला केरोसीनचा बर्नर भडकला. मी फोन उचलला. "लंगर में आग! फायर पार्टी, मूव्ह!" फायर पार्टी पोचण्याआधीच सायमन ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत शिरला होता. त्याने राणेला बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. राणेचे दोन्ही हात भाजले होते.

हॉस्पिटलमध्ये राणेने जेवण सोडलं. हातांना बँडेज, आणि कोणी भरवायला आलं की तोंड फिरवायचा. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "खाल्लं नाही तर जखमा भरणार नाहीत." पण हात गेले तर कुकचं उरतं काय, एवढंच राणे म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सायमन माझ्याबरोबर वॉर्डात आला. हातात स्वतः केलेल्या भात-आमटीची थाळी.

"कोणाचा ताट ह्या?" राणेने विचारलं.

"माझंच. तुमच्या भांड्यांना हात नाय लावला."

राणेने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतोय. वळला तेव्हा डोळे भरलेले होते, पण हसत होता.

"आ करा," सायमन म्हणाला.

राणेने पहिला घास खाल्ला. "मीठ कमी आसा."

अख्खा वॉर्ड हसला. त्यानंतर सायमन ड्युटी संपवून रोज जायचा आणि रोज स्वयंपाकावरून शिव्या खायचा.

परतताना एकदा मी विचारलं, "त्याने तुला इतकं छळलं, तरी का रे?"

"उस्ताद, येशूने प्रेम करा म्हणून सांगितलंय. माणूस आवडला तरच करा, असं नाय सांगितलं."

हात बरे झाल्यावर राणेने पहिलं काम केलं ते सायमनची थाळी आत आणून मांडणीवर ठेवायचं. दुसरं, म्हाताऱ्याचं जेवण स्वतः गेटबाहेर नेऊन द्यायचं. म्हातारा त्यालाही शिव्या घालू लागला. राणे मालवणीतून परत करायचा. दोघांचं छान जमलं.

पुढे युनिट उत्तरेला गेलं. एका सकाळी बर्फातून आमचा कॉन्व्हॉय चालला होता. वरून बर्फाचा कडा कोसळला. मी रेडिओवर बोलत राहिलो, "थ्री, रिपोर्ट. ओव्हर." थ्री म्हणजे सायमनची गाडी. उत्तर आलं नाही. संध्याकाळी बर्फाखाली त्याचा देह सापडला. राणेने त्याचा चेहरा आपल्या हातांनी पुसला.

त्या वर्षीच्या नाताळला आम्ही दोघं गावठाणात त्याच्या आईकडे गेलो. दारातच राणेला हुंदका फुटला. म्हातारीने त्याचा हात धरून आत बसवलं.

"माझ्या सायमनचे दोस्त तुम्ही. आधी जेवा, मग रडा."

वाढत वाढत ती सायमनच्या लहानपणच्या खोड्या सांगू लागली. झाडावरून पडलेला सायमन, फादरची सायकल पळवणारा सायमन. राणेला हसता हसता ठसका लागला. आम्ही पोटभर जेवलो. रडायचं राहूनच गेलं.